चांद्याची बादली

चांद्याने पहिला घास घेतला तेव्हा मी माइकवर लोहाबद्दल बोलत होते. लोह म्हणजे आयर्न. रक्तात ते कमी पडलं की माणूस थकतो, चक्कर येते, अभ्यासात लक्ष लागत नाही, असं मी सांगत होते, आणि माझ्या शेजारी आठवीतली प्रणाली अंबाडीची भाजी बनून उभी होती. म्हणजे अंगावर आजीचं हिरवं लुगडं, गळ्यात अंबाडीच्या पानांची माळ आणि डोक्यावर अख्ख्या जुडीचा मुकुट. चांद्या मागून आला आणि त्याने तो मुकुट अर्धा तोंडात घेतला. अगदी शांतपणे, घाई न करता.

चांद्या हा बैल. शिंगं लाल-हिरवी रंगवलेली, पाठीवर आरशांची झूल, कपाळावर पांढरा गोल ठिपका, म्हणून चांद्या. दिवस पोळ्याचा. समोर सगळं गाव, आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर भोपाळहून आलेल्या आमच्या मोठ्या मॅडम. आमचा प्रोग्राम सौसर ब्लॉकमध्ये चालू ठेवायचा की गुंडाळायचा, हे त्याच दिवशी त्या ठरवणार होत्या.

आता थोडं मागचं सांगते, नाहीतर हे सगळं खोटं वाटेल.

मी मूळची पांढुर्ण्याची, म्हणजे मध्य प्रदेशातल्या मराठी पट्ट्यातली. नागपूरला न्यूट्रिशन शिकले, सौसरला राहते, आणि एका संस्थेतर्फे सरकारी शाळांमध्ये पोषण आणि आरोग्य शिकवते. लोकांना वाटतं मी डाएटिशियन आहे. लग्नात भेटलेली प्रत्येक बाई हातात जिलेबी धरून मला वजन कसं उतरवायचं ते विचारते. माझं काम नेमकं उलटं आहे. ज्यांनी चार घास जास्त खायला हवेत त्यांच्या मागे मी स्कूटी घेऊन फिरते. हात कसे धुवायचे, भाजी का खायची, रोज पुड्यातलं तळलेलं का नको, हे मुलांना गाणी म्हणून, पोस्टर लावून, कधी नाच करूनही सांगते. माझा नाच मुलांना आवडतो. भाजी आवडत नाही.

ही शाळा जामसांवलीच्या वाटेवरच्या एका गावातली. गावाचं नाव लिहायचं नाही असा शब्द मी हेडमास्तर धोटे सरांना दिला आहे. शाळेत दुपारचं जेवण मिळतं, ते गावातल्या बायकांचा समूह शिजवतो. समूहाच्या मुख्य कमलाबाई. त्यांच्या हाताला चव अशी की अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या घालून वरून लसणाची फोडणी दिली की वास रस्त्यापर्यंत यायचा. तरी मुलं ती भाजी ताटाच्या कडेला सारायची. वरण-भात संपवायची आणि भाजी बादलीत टाकून पळायची. दुकानातून आणलेले रंगीत पुडे दप्तरात वाट बघत असायचे ना.

ती बादली कुठे जायची हे मला कमलाबाईंनीच दाखवलं. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून नामदेवकाकांचा गोठा. भिंतीवरून बादली पलीकडे द्यायची, पलीकडे चांद्या उभाच. जेवणाची घंटा झाली की तो येऊन भिंतीशी उभा राहायचा. भाजी निवडून झाली की कमलाबाई कच्ची देठंही त्यालाच टाकायच्या.

"मॅडम, तुमी वर्गात आयर्न आयर्न करून राहिल्या," कमलाबाई म्हणाल्या, "अन् सारं आयर्न हा खाऊन राह्यला."

हसू आलं, पण ते टिकलं नाही. कारण भिंतीच्या अलीकडे नामदेवकाकांची नात प्रणाली होती. शाळेच्या तपासणीत तिचं हिमोग्लोबिन कमी निघालं होतं. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला तो भाग जो श्वासातला ऑक्सिजन अंगभर पोचवतो, आणि तो बनायला लोह लागतं. प्रणाली प्रार्थना सुरू असताना मधेच खाली बसायची. वर्गात टेकून झोपायची. शाळेतून मिळणारी लोहाची गोळी कशीबशी गिळायची, पण भाजीला हात लावायची नाही. म्हणजे घरातला बैल अंबाडी खाऊन गरगरीत, आणि घरातली पोरगी पायऱ्या चढताना धापा टाकणारी. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "पोरगी नाजूकच हाय जी पैलेपासून." जणू नाजूक असणं ही तिची जात आहे.

फक्त मुलांना सांगून भागत नाही, घरच्यांना बोलवावं लागतं. मी पालकांच्या सभा ठेवल्या. कुणी आलं नाही. दिवस निंदणीचे, कापसात बाया, संत्र्याच्या बागेत माणसं, कोण माझं व्याख्यान ऐकायला बसणार? एका सभेला नामदेवकाका आले तेव्हा मी हरखून गेले. त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला. त्यांनी चहा घेतला आणि विचारलं, "बादली झाली काय जी?"

त्याच आठवड्यात भोपाळहून त्या मोठ्या मॅडमचा, सक्सेना मॅडमचा, फोन आला.

"सौसर में कम्युनिटी पार्टिसिपेशन कहाँ है?"

"मैडम, अभी निंदाई चल रही है. लोग खेत में हैं."

"खेत हर ब्लॉक में हैं. मैं खुद आ रही हूँ. लोग दिखने चाहिए. नहीं तो अगले सेशन से ब्लॉक शिफ्ट."

शिफ्ट म्हणजे बंद. मला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवतील, ते चालेल. पण या भागातल्या पोरी मला नावाने माहीत आहेत, त्यांच्या आया माहीत आहेत, कोणती पोर सकाळी उपाशी येते ते माहीत आहे. ते सगळं सोडून जायचं म्हणजे अर्धं विणलेलं स्वेटर दुसऱ्याच्या हातात देणं. मला रडू आलं होतं, हे इथे कबूल करायला हरकत नाही. मग मी तोंड धुतलं आणि धोटे सरांकडे गेले.

धोटे सर म्हणजे अत्यंत आनंदी माणूस. शाळेचं छप्पर गळलं तरी ते म्हणतात, पोरांना पाण्याचा धडा समजेल. त्यांनी माझं ऐकून घेतलं आणि सुपारी कातरत म्हणाले, "लोक पाह्यजे ना तुमाले? मंग पोळ्याच्या दिवशी ठेवा कार्यक्रम. आखरावर सारा गाव राह्यते. कोनाले बलवाचं कामच नाही."

आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, जिथे सकाळी गुरं जमतात. ती या शाळेला लागूनच आहे. पोळ्याला तिथे आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली गावातले सगळे बैल सजवून उभे करतात, आणि पूजा झाली की तोरण तोडून ज्याचा त्याचा बैल घरोघरी जेवायला जातो.

"पण सर, बैल?" मी विचारलं. हे मी विचारलं होतं, याची नोंद व्हावी.

"बैल ऊन उतरल्यावर येतेत जी. आपला कार्यक्रम त्याच्या आंधीच खतम. लोक फुकटात भेटून जातीन."

मला ते इतकं पटलं की मी सरांच्या डब्यातली सुपारीही खाल्ली.

पुढचे दिवस म्हणजे नुसता धिंगाणा होता. आम्ही दोन टेबलं मांडायची ठरवली. एकावर हिरवा कपडा, पाटी 'रोज खा'. दुसऱ्यावर लाल कपडा, पाटी 'कधीतरी'. हिरव्या टेबलासाठी मुलांनी गाव पालथं घातलं. अंबाडीच्या जुड्या आल्या, शेवग्याचा पाला आला, भोपळा आला, मोड आलेले मूग, भुईमुगाच्या ओल्या शेंगा, ज्वारीची कोवळी कणसं, जवसाची चटणी, गूळ. कुणीतरी हिरवी कच्ची संत्री आणली, ती खाण्यालायक नव्हती, पण आमच्याकडे प्रदर्शनात संत्रं नसेल तर लोक विचारतात काय झालं म्हणून. लाल टेबलासाठी काही आणावं लागलं नाही. मुलांनी दप्तरं उघडली. पुडे, बिस्किटं, गोळ्या, आणि गोड पाण्याच्या बाटलीत किती साखर असते ते दाखवायला एक ताटली भरून साखर.

मग भाज्यांचा फॅन्सी ड्रेस. अंबाडी कोण होणार म्हटल्यावर सगळ्यात आधी हात प्रणालीचा. खायला सांगितलं तर नाक मुरडायची, व्हायला सांगितलं तर पुढे. तिचं भाषण मीच लिहून दिलं. भोपाळच्या पाहुण्या येणार म्हणून हिंदीत. "मैं अंबाडी हूँ. मुझमें लोहा है. मुझे खाओ, खून बढ़ाओ." ती ते आरशासमोर, विहिरीवर, गोठ्यात, सगळीकडे म्हणत फिरत होती.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी पाट्या लावून निघाले तेव्हा नामदेवकाका गोठ्यात चांद्याचे खांदे लोणी आणि हळद लावून चोळत होते. वर्षभर ज्या खांद्यावर जू असतं त्या खांद्याची ही सेवा. ती झाली की बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं निमंत्रण द्यायचं असतं, तोंडाने, माणसाला देतात तसं. काका वाकले आणि चांद्याच्या कानाशी म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी भिंतीशी हात जोडून उभी राहिले. फार छान वाटलं. शिकलेल्या बाईच्या डोक्यात त्या वेळी काहीतरी पेटायला हवं होतं. पेटलं नाही. मी स्कूटीला किक मारली.

दुसऱ्या दिवशी आम्ही वेळेआधी तयार. टेबलं मांडली, माइक लावला, अंबाडी, भोपळा, शेवगा आणि मूग रांगेत उभे राहिले. पाहुण्यांचा पत्ता नाही. फोन केला तर मागून घंटांचा आवाज.

"हम जामसांवली में दर्शन कर रहे हैं. लाइन बहुत लंबी है," सक्सेना मॅडम म्हणाल्या.

मारुतीच्या दर्शनाला नाही कसं म्हणणार. आम्ही थांबलो. ऊन उतरू लागलं. भोपळ्याला लघवीला जायचं होतं, त्याचा ड्रेस काढायला दोन बायका लागल्या. आणि मग गावाच्या त्या टोकाकडून डफडी वाजायला लागली.

"सर, बैल," मी म्हणाले.

"येऊ द्या जी," धोटे सर म्हणाले. "ते तोरणाच्या तिकडच्या बाजूले उभे राहातीन. आपन इकडच्या बाजूले. मधात लय जागा हाय."

बैल आले. रंगवलेली शिंगं, गळ्यात घुंगरं, मागे अख्खं गाव. आणि त्यांच्या मागोमाग, बैलांच्या चालीने, सक्सेना मॅडमची गाडी. मॅडम उतरल्या त्या गर्दी बघून खूश झाल्या. खुर्चीवर बसल्या आणि घड्याळ बघून म्हणाल्या, "शुरू कीजिए."

मी सुरू केलं. लोहावर आले. आणि चांद्या, जो शेकडो दुपारी शाळेकडून येणाऱ्या अंबाडीच्या वासावर जगला होता, रांगेतून बाहेर पडला आणि सरळ त्याच्या ओळखीच्या भाजीकडे आला.

प्रणाली घाबरली नाही. तो तिच्या घरचा बैल, ती त्याच्या पाठीवर वाढलेली. डोक्यावरून पानं ओढली जात होती, तिची मान त्या तालावर मागे जात होती, पण पाठ केलेलं भाषण ती सोडायला तयार नव्हती.

"मैं अंबाडी हूँ," ती ओरडली. "मुझे खाओ."

चांद्या खात होता.

"खून बढ़ाओ."

समोरून तिची आजी म्हणाली, "हालू नको वं पोरी. खाऊ दे त्याले."

गावात हसण्याचा एकच गलका झाला. मॅडम खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "इसे कोई हटाता क्यों नहीं?"

धोटे सर त्यांच्या कानाशी झुकले. "मैडम, आज नहीं हटा सकते. आज पोला है."

"तो?"

"आज इसको हाथ नहीं लगाते. मतलब लगाते हैं, पाँव पड़ने के लिए."

आमच्याकडे पोळ्याला बैलाला काठी दाखवत नाहीत. कामाला जुंपत नाहीत, ओरडत नाहीत, खात असेल तर उठवत नाहीत. हे मला लहानपणापासून माहीत होतं. ते माहीत असूनही मी पोळ्याच्या दिवशी, बैलांच्या आखरावर, कमरेइतक्या उंचीच्या टेबलावर ताजा हिरवा पाला मांडला होता. मुकुट संपवून चांद्या आता त्या टेबलाकडे वळला.

कासरा नामदेवकाकांच्या हातात होता. मी माइक बाजूला धरून म्हणाले, "काका, ओढा ना त्याला."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी काहीतरी अभद्र बोलले. "कसा ओढू जी? काल आवतन देल्लं मीनं त्याले. जेवाले बलावलं अन् ताटावरून उठवू काय?"

चांद्याने अंबाडीची पहिली जुडी उचलली. मला दिसलं की प्रोग्राम गेला. मॅडमच्या चेहऱ्यावर तो जाताना दिसत होता. आणि त्याच क्षणी मला आणखी एक गोष्ट दिसली. बायका पुढे येत होत्या. ज्या बायका माझ्या एकाही सभेला आल्या नव्हत्या, त्या सगळ्या हातात आरतीची ताटं घेऊन, डोक्यावर पदर घेऊन, माझ्या हिरव्या टेबलाभोवती गोळा होत होत्या. बैल जेवतोय म्हटल्यावर त्याला कुंकू लावायचं, हात जोडायचे. कुणी कुणाला ढकलत होतं. मागच्यांना दिसत नव्हतं.

"काय खाऊन राह्यला वं?" मागून एकीने विचारलं.

मी माइक तोंडाशी धरला. माझं तोंड माझ्याआधी बोलायला लागलं.

"चांद्या आता अंबाडी खातोय," मी म्हणाले. "अंबाडीत लोह आहे. त्याने रक्त वाढतं. अंबाडी संपली. आता तो शेवग्याकडे वळतोय. शेवग्याच्या पाल्यात लोह पण आहे, कॅल्शियम पण आहे, म्हणजे हाडं मजबूत. झाडं प्रत्येकाच्या परसात आहेत, पाला कुणी खात नाही. चांद्या खातोय. बघा, देठ पण सोडलं नाही."

मागच्या बायका पुढच्यांना विचारायच्या, पुढच्या मागच्यांना सांगायच्या, आणि पोरं ओरडून पुन्हा सांगायची. मूग आले. "मोड आलेले मूग," मी म्हणाले, "मोड आले की ते पचायला हलके." चांद्याने त्यावर क्षणभर विचार केला आणि वाटी उलटी केली. शेंगा आल्या. ज्वारी आली. जवसाच्या चटणीपाशी तो शिंकला आणि ती धोटे सरांच्या पांढऱ्या शर्टावर गेली. सर हसत राहिले. मी उभ्या आयुष्यात इतक्या लोकांसमोर पोषणावर बोलले नव्हते, आणि कुणीही घरी जायचं नाव घेत नव्हतं. माझा आवाज चिरकला होता, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हसू थांबत नव्हतं. कमलाबाईंनी माइक माझ्या हातातून घेतला आणि फर्मावलं, "पाहा वं सगळ्या, हीच भाजी मी रोज रांधतो शाळेत. तुमचे पोरं फेकून देतेत."

मग हिरवं टेबल संपलं. कच्ची संत्री तेवढी उरली, ती चांद्यानेही नाकारली. तो दोन पावलं सरकला आणि लाल टेबलापाशी थांबला.

डफडीवालाही थांबला. मी देवाचं नाव घेतलं, कारण बैलाचं काही सांगता येत नाही. चांद्याने एक चकचकीत पुडा हुंगला. जोरात फुरफुरला. पुडा उडाला आणि मातीत पडला. सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या, माझ्या पोरांनी तर उड्याच मारल्या. मी हात वर करून जिंकल्याची खूण करणार, तेवढ्यात चांद्याने साखरेच्या ताटलीत जीभ घातली आणि ताटली आरशासारखी स्वच्छ केली.

एक म्हातारे आजोबा काठीवर रेलून म्हणाले, "मॅडम, साखर त खाल्ली जी त्यानं."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मॅडमही. आमच्या क्षेत्रात याला प्रश्नोत्तरांचा तास म्हणतात.

"खाल्ली," मी म्हणाले. खोटं बोलायला जागा नव्हती, ताटली चमकत होती. "पण कधी खाल्ली?"

"आत्ता."

"सगळ्यात शेवटी. आधी काय खाल्लं?"

"भाजी," बायका म्हणाल्या.

"बस. एवढंच. आधी भाजी, पोट भरून. मग चिमूटभर गोड."

हे मी आधी ठरवलं नव्हतं. पण आम्ही मुलांना खरंच असंच सांगतो, की ताटातली भाजी आधी संपवा, मग बाकीचं. माझ्या पोस्टरवर ते खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात होतं. बैलाने ते मोठ्या अक्षरात सांगितलं. त्यानंतर बैल जे करतात ते त्याने मॅडमच्या खुर्चीपासून थोड्याच अंतरावर केलं. मॅडमनी खुर्ची सरकवली.

पोळ्यात झडत्या म्हणायची पद्धत आहे. झडती म्हणजे ऐनवेळी जुळवलेलं चार ओळींचं गाणं, टोमणे मारणारं, आणि शेवटी सगळ्यांनी महादेवाचा गजर करायचा. नामदेवकाका त्यात पटाईत. त्यांनी चांद्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आवाज लावला.

"अंबाडीची भाजी अन् जवारीची भाकर,
चांद्यानं पाह्यली नाही बिस्किट अन् साखर,
पुड्यावर मारली त्यानं नाकानं फुंकर,
कमलाबाई, भाजी वाढा लौकर लौकर!"

"हर बोला, हर हर महादेव," गाव गरजलं.

साखर त्याने पाहिली होती आणि चाटलीही होती, हे सगळ्यांनी आत्ताच बघितलं होतं. पण यमक जुळलं होतं, आणि यमकापुढे न्यूट्रिशनवालीचं काही चालत नाही. मी पण गजर केला.

कुणीतरी सक्सेना मॅडमच्या हातात पुरणपोळी दिली. त्यांनी ती घाबरत घाबरत चांद्यापुढे धरली. त्याने ती घेतली, आणि मॅडमच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं की त्या भोपाळच्या मॅडम राहिल्याच नाहीत. निघताना त्यांनी मला गाडीपाशी बोलावलं.

"ये आपने प्लान किया था?"

मी धोटे सरांकडे पाहिलं. सर आभाळाकडे बघत होते.

"जी, थोड़ा-बहुत."

"इतने लोग मैंने किसी ब्लॉक में नहीं देखे." त्या गाडीत बसल्या. "ब्लॉक रहेगा."

गाडी वळेपर्यंत मी गंभीर चेहरा ठेवला. मग मी आणि कमलाबाईंनी एकमेकींचे हात धरून तिथेच फुगडी घातली, धोटे सरांनी सुपारीचा डबा वाजवला, आणि भोपळ्याने, जो अजून ड्रेसमध्येच होता, रडायला सुरुवात केली कारण त्याचं भाषण राहिलं होतं. त्याला माइक दिला. त्याने सगळं भाषण म्हटलं. ऐकायला बैल होते.

ऑफिसचं काय झालं तेही सांगते. महिन्याच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये मला विचारण्यात आलं की हे मॉडेल बाकीच्या ब्लॉकमध्ये राबवता येईल का. एका सहकाऱ्याने विचारलं, त्यांच्याकडे बैल मिळत नाही, म्हैस चालेल का. मी समजावलं की जनावर महत्त्वाचं नाही. इतर कुठल्याही दिवशी चांद्याला पहिल्या घासालाच काठी बसली असती आणि मी लोहावर बोलत राहिले असते. त्याला कुणी उठवणार नाही असा वर्षात एकच दिवस असतो. मग त्यांनी पुढचा विषय घेतला.

पोळ्यानंतर शाळा उघडली आणि पुढच्याच अंबाडीच्या दिवशी मी मुद्दाम जेवणाच्या वेळी गेले. मुलं ताटं घेऊन बसली होती आणि हात मांडीवर आपटत झडती म्हणत होती. शेवटच्या ओळीला कमलाबाई पळी घेऊन येत आणि खरंच लौकर लौकर वाढत. मी प्रणालीपाशी जाऊन बसले. तिने भाजीचा एक घास घेतला, तोंड आंबट केलं आणि गिळला.

"काय गं, आज कशी खाल्लीस?"

"चांद्यानं माह्या डोक्शावरून खाल्ली ना मॅडम, साऱ्या गावासमोर," ती म्हणाली. "आता मी नाही खाल्ली त पोरं चिडवतेत. म्हनतेत, तुह्यापेक्षा तुह्या बैलाले जास्त अक्कल हाय."

मला यापेक्षा उदात्त कारण आवडलं असतं. पण तिने ताट संपवलं, आणि पुढेही संपवत राहिली. नंतरच्या तपासणीत तिचं हिमोग्लोबिन वाढलेलं निघालं. त्यात गोळीचं श्रेय किती आणि भाजीचं किती, हे मी सांगू शकत नाही, आणि कुणी ठामपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. मला एवढं माहीत आहे की आता ती प्रार्थनेत शेवटपर्यंत उभी असते. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पोरांची प्रार्थना चालू असताना मीच खाली बसले, इतकं भरून आलं.

त्या दिवशी निघताना मागच्या भिंतीवरून हाक आली. नामदेवकाका होते. शेजारी चांद्या, भिंतीवर हनुवटी टेकून.

"मॅडम, चांगलं झालं जी पोरीचं. तुमचे लय उपकार हायेत. पन याचं काय करू?"

"का, काय झालं?"

"जेवनाची घंटी झाली का हा इथं येऊन उभा राह्यते. बादली येतच नाही. आली त धुतलेली येते. तुमच्या प्रोग्रामनं माह्या बैलाचं नुसकान केलं."

मी चांद्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. सौसर ब्लॉकचा सर्वोत्तम पोषण प्रचारक माझ्यासमोर उपाशी उभा होता, आणि त्याच्यावर ही पाळी आणण्यात त्याचाच सर्वात मोठा हात होता.

या धंद्यात इतकी वर्षं काढून मी शिकले ते एवढंच: प्रचार फार मन लावून करू नये, लोक ऐकतात आणि आपल्या वाटचं संपवून टाकतात. आता दर भेटीला मी बाजारातून अंबाडीची एक जुडी घेऊन स्कूटीच्या हुकला अडकवते. ती मी प्रणालीच्या हातात देते. ती भिंतीशी जाते, आधी दोन-चार कोवळी पानं तोडून स्वतः चावते, आंबटपणाने एक डोळा मिटते, आणि उरलेली जुडी चांद्यापुढे धरते. तो घाई न करता खातो. पोळा नसला तरी त्याला कुणी उठवत नाही.